टाळ्या नसलेला तास

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला राज्यशास्त्रात महाराष्ट्राच्या राजकारणावर एक पेपर असतो. त्यात दलित चळवळीचं प्रकरण, आणि त्या प्रकरणात कुठेतरी दोन-अडीच पानांत मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर. पुण्या-मुंबईच्या वर्गात ही पानं एका तासात उरकत असतील. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात त्यांना आठवडा लागायचा. ज्यांच्या आजोबांचं घर १९७८ च्या पावसाळ्यात जळालं, ती मुलं समोरच्या बाकांवर असत. ज्यांच्या काकांचं नाव जाळपोळीच्या फिर्यादीत आलं होतं तीही असत. कधी कधी दोघं एकाच गावाहून, एकाच एसटीने आलेले. दोघांनी घरी ऐकलेल्या गोष्टी वेगळ्या. शिक्षकाचं आडनाव मात्र दोघांनाही पक्कं ठाऊक.

आडनाव पाटलाच्या वाड्यातलं होतं, पण त्या आडनावावरून माणसाचा अंदाज बांधणारे फसत. हा माणूस चौऱ्याहत्तरच्या मराठवाडा विकास आंदोलनात रस्त्यावर होता, आणीबाणीत तुरुंगात होता आणि अठ्ठ्याहत्तरमध्ये नामांतराच्या बाजूने उभा होता. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं त्याने राज्यशास्त्र शिकवलं. विद्यार्थ्यांपैकी काही पुढे त्याच्या जुन्या पक्षाच्या कट्टर विरोधकांकडे गेले, काही संघाच्या शाखेवरून थेट वर्गात येत. त्यांतले बहुतेकजण आजही सांगतात, सरांनी मार्कात कधी हात मारला नाही. मराठवाड्यातल्या कॉलेजबद्दल असं बोललं जाणं ही साधी गोष्ट नाही. नाव छापायचं नाही एवढी एकच अट त्यांनी घातली, तेव्हा इथे ते नुसते सर.

१९७४ चं आंदोलन आज बाहेर कुणाला फारसं आठवत नाही. निजामाच्या राज्यातून सुटून पंचवीस वर्षं झाली, संयुक्त महाराष्ट्रात येऊन चौदा, तरी नोकऱ्या नाहीत, रेल्वेचा रूळ मीटरगेजच, पाटबंधाऱ्याचे आकडे कागदावर. विद्यार्थी रस्त्यावर आले. वसमतला पोलिसांच्या गोळीबारात विद्यार्थी गेले. सर तेव्हा पदवीच्या वर्षाला होते आणि समाजवादी वळणाच्या एका युवक संघटनेचं काम करत होते. सभेत बोलायला उभं राहिलं की पहिल्या तीन वाक्यांत टाळी घ्यायची हे तंत्र त्यांना त्या वर्षी साधलं. ते वक्ते चांगले होते हे त्यांचे विरोधकही कबूल करतात.

टाळीची सवय मोडली ती तुरुंगात. नोव्हेंबर १९७५ मध्ये लोकसंघर्ष समितीने देशभर सत्याग्रह सुरू केला, तेव्हा बसस्टँडवर पत्रकं वाटताना ते पकडले गेले. बराकीत समाजवादी होते, संघाचे स्वयंसेवक होते, मार्क्सवादी होते, जमात-ए-इस्लामीचे दोघे होते. बाहेर असते तर या मंडळींनी एकमेकांच्या सभा उधळल्या असत्या. आत सगळ्यांची डाळ एकाच घमेल्यातून यायची. संध्याकाळी चर्चा व्हायच्या, आणि त्या चर्चेत एक विचित्र अडचण होती: टाळ्या वाजवायला कुणी नसे. श्रोता म्हणजे प्रतिपक्षच. भाषण ठोकलं तर समोरचा जांभई देऊन कूस बदलायचा. त्याच्या मनात काय आहे ते आधी नीट मांडलं आणि मग त्यातली फट दाखवली, तरच तो उठून बसायचा. संघाच्या एका वयस्कर शिक्षकाने त्यांना एकदा बजावलं होतं, ‘तू माझं म्हणणं सांगतोस तेव्हा मला ते माझं वाटत नाही. आधी ते मला माझं वाटू दे, मग खोड.’ सर हे वाक्य पुढे वर्गात अनेकदा सांगत. कुणाचं आहे हेही सांगत, कारण ते ऐकून अर्धा वर्ग चमकून बघायचा.

मग आला १९७८ चा जुलै. २७ तारखेला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. शरद पवारांचं पुलोद सरकार येऊन दहा दिवसही झाले नव्हते. ठरावाच्या पाठोपाठ मराठवाडा पेटला. विद्यार्थ्यांच्या कृती समित्यांनी बंद पुकारले. रेल्वे, एसटी, सरकारी कचेऱ्या यांच्यावर हल्ले झाले आणि मग आग खेड्यांतल्या दलित वस्त्यांकडे वळली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांना क्रूरपणे मारण्यात आलं. सर आणि त्यांचे मोजके सोबती धान्य आणि कपडे घेऊन जळालेल्या वस्त्यांत फिरत होते. सर्वांत जड गेलं ते वेगळंच. विरोधी कृती समित्यांच्या पत्रकांवर ज्यांच्या सह्या होत्या, त्यांतले काहीजण चार वर्षांपूर्वी विकास आंदोलनात त्यांच्या शेजारी झोपणारे होते. एकाच सतरंजीवरून उठून दोघं दोन दिशांना गेले होते.

कार्यकर्ता म्हणून त्यांचं काम यानंतर दोनेक वर्षं चाललं आणि थांबलं. संघटना फुटली, वडील आजारी पडले, लग्न झालं. कारणं सगळ्यांची असतात तीच. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना तालुक्याच्या कॉलेजात अधिव्याख्याता म्हणून नोकरी मिळाली.

पहिली दोन वर्षं वर्ग तुडुंब भरायचा. कॉमर्सची मुलं येऊन मागे उभी राहायची. आणीबाणीवरचा तास म्हणजे सभाच. एकदा स्टाफरूममध्ये इंग्रजीचे एक ज्येष्ठ प्राध्यापक चहा ओतता ओतता सहज म्हणाले, ‘तुमच्या तासाला टाळ्या पडतात हो, पण मी मुलांच्या वह्या पाहिल्या. वहीत काही नाही.’ सरांना राग आला. पण घरी जाताना त्यांनी दोन मुलांच्या वह्या मागून नेल्या. एकीत वर तारीख आणि खाली ‘लोकशाहीचा गळा’ एवढेच शब्द होते. दुसरीत तेही नव्हते.

त्यानंतर त्यांचा तास रटाळ झाला, असं त्या वेळचे विद्यार्थी सांगतात. कॉमर्सवाले येईनासे झाले. सरांच्या हातात कात्रणांची फाइल आली. नामांतराच्या धड्याला ते ठरावापासून सुरुवात करत, मग त्या वेळची वर्तमानपत्रं. आणि इथे त्यांचा सर्वांत अवघड तास सुरू होई, कारण नामांतराला विरोध करणाऱ्यांत फक्त गुंड नव्हते. गोविंदभाई श्रॉफ होते, हैदराबाद मुक्तिसंग्रामातले अग्रणी. ‘मराठवाडा’ दैनिकाचे संपादक अनंत भालेराव होते; निजामाविरुद्धच्या लढ्यात तुरुंग भोगलेले. ज्यांना मराठवाडा आपलं मानत होता, अशी ही माणसं. त्यांचं म्हणणं होतं की मराठवाडा हे नाव या प्रदेशाने मोल देऊन मिळवलं आहे, आणि विद्यापीठ ही त्या अस्मितेची खूण आहे. सर हा युक्तिवाद इतका नेटाने मांडत की दलित विद्यार्थी अस्वस्थ होत. एकाने एकदा उभं राहून विचारलंच, ‘सर, तुम्ही नेमके कुणाकडून?’ सर म्हणाले, ‘उद्या या.’

दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू. औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय आंबेडकरांनी उभारलं, तेही मराठवाडा विद्यापीठाच्या आधी. ज्या प्रदेशात उच्च शिक्षणाची दारं बंदच होती तिथे पहिल्या पिढीला पदवीपर्यंत नेणारी ती संस्था. मग त्या माणसाचं नाव विद्यापीठाला देण्याने अस्मिता कशी पुसली जाते? आणि अस्मिता कुणाची? इथून धडा नावाकडून जमिनीकडे जाई: गायरानं कसणारे दलित, गावकीची पारंपरिक कामं नाकारणारी नवी पिढी, राखीव जागांमुळे कारकून झालेला पहिला मुलगा, आणि हे सगळं डोळ्यांत खुपणारी मधली शेतकरी घरं. खेड्यात जळाली ती घरं विद्यापीठाच्या पाटीमुळे जळाली की या खदखदीमुळे, यावर वर्गात वाद चाले.

तिसरा दिवस मात्र वादाचा नसे. फळ्यावर टेंभुर्णी लिहिलं जाई. पोचीराम कांबळेंबरोबर काय झालं ते सर जसंच्या तसं, आवाज न चढवता सांगत. कुणी ‘पण सर, दुसरी बाजू...’ असं म्हणालंच, तर ते त्याला थांबवत. नाव बदलावं की नाही याला दोन बाजू आहेत, त्या आपण काल-परवा ऐकल्या. वस्ती पेटवण्याला बाजू नसते, आरोपी असतात. बरेच लोक निःपक्षपातीपणा म्हणजे प्रत्येक गोष्टीचे दोन समान तुकडे करणं असं धरून चालतात आणि त्या भरात घडलेल्या गोष्टीवरही मतदान घेतात. सरांनी ही गफलत कधी होऊ दिली नाही, आणि त्यांच्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट मला हीच वाटते.

पुढे एक गमतीची गोष्ट झाली. १४ जानेवारी १९९४ ला तडजोड म्हणून नामविस्तार झाला: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी नांदेडला गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केलं होतं. आणि त्याच वर्षी १७ सप्टेंबरला नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं आणि परभणीची कॉलेजं तिकडे गेली. ज्या नावासाठी सोळा वर्षं रक्त सांडलं, ते या कॉलेजच्या लेटरहेडवर जेमतेम आठ महिने राहिलं. सर हे सांगून वर्गाकडे बघत राहत. हसायचं की नाही हे मुलांना कळत नसे.

शिकवण्यापेक्षा तपासणं कठीण. विद्यापीठाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर नाव नसतं, क्रमांकही झाकलेला असतो, तिथे निदान माणूस दिसत नाही. अंतर्गत मूल्यमापनाचे मार्क मात्र ओळखीच्या चेहऱ्यांना द्यायचे असतात. ते सुरू झाल्यावर सरांनी इतिहासाच्या प्राध्यापकांशी एक करार केला: प्रकल्पांची पहिली पानं फाडून गठ्ठे एकमेकांना द्यायचे. तुम्ही माझे तपासा, मी तुमचे. कागदोपत्री याला कुठेच आधार नव्हता. मार्क शेवटी ज्याचे त्यानेच भरायचे, पण आधी दुसऱ्याचा आकडा बघायचा. दोघांच्या आकड्यांत मोठी तफावत आली की कॅन्टीनमध्ये बसून भांडण. इतिहासाचे सर शाखेत जाणारे होते, त्यामुळे भांडण खरंखुरं व्हायचं.

त्यांच्या एका तपासणीची गोष्ट विद्यार्थ्यांत वर्षानुवर्षं फिरत राहिली. सोळा मार्कांचा प्रश्न: आणीबाणी समर्थनीय होती का? सर तुरुंगात होते हे सगळ्या गावाला माहीत. चतुर मुलांनी ‘काळा अध्याय’, ‘हुकूमशाही’, ‘लोकशाहीची हत्या’ असा विशेषणांचा भडिमार केला आणि पाच-सहा मार्कांवर अडकले. एका मुलाने उलट बाजू घेतली. कलम ३५२ मध्ये तेव्हा ‘अंतर्गत अशांतता’ हे शब्द होते, म्हणजे राज्यघटनेनेच ती वाट ठेवली होती, असं त्याने लिहिलं. गुजरातचं नवनिर्माण आंदोलन, मे १९७४ चा रेल्वे संप, २५ जूनला रामलीला मैदानावर जयप्रकाशांनी पोलिसांना आणि लष्कराला बेकायदा हुकूम पाळू नका म्हणून केलेलं आवाहन, अशी एकावर एक वीट रचत त्याने सरकारची बाजू उभी केली. त्याला बारा मिळाले. समासात सरांनी लाल शाईत लिहिलं होतं: ‘४२ वी घटनादुरुस्ती आणि लोकसभेची मुदत सहा वर्षांची करणं या युक्तिवादात कुठे बसतं?’ कापलेले चार मार्क त्या प्रश्नाचे.

ज्याला पाच मिळाले होते असा एक मुलगा तक्रार घेऊन आला. सर, मी तर तुमच्या बाजूने लिहिलं होतं. सरांनी त्याला बसवलं आणि विचारलं, महाराष्ट्राच्या विधिमंडळाने १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं, माहीत आहे? शहा आयोग कशासाठी नेमला? एडीएम जबलपूर खटल्यात एकट्या न्यायमूर्ती खन्नांनी काय म्हटलं? कराडच्या साहित्य संमेलनात, डिसेंबर पंच्याहत्तरमध्ये, दुर्गा भागवत काय म्हणून उभ्या राहिल्या? यातलं एक जरी लिहिलं असतंस तरी मी तुझ्या बाजूने झालो असतो. मुलगा काही न बोलता गेला. पुढे तो एमपीएससी होऊन नायब तहसीलदार झाला. सरांना भेटला की अजून शहा आयोगाचं नाव काढतो.

या गोष्टींचं तत्त्वज्ञान पुस्तकांत आहे, पण सरांच्या हातात ती पुस्तकं बऱ्याच उशिरा, रिफ्रेशर कोर्सच्या निमित्ताने आली. माक्स वेबरने १९१७ च्या नोव्हेंबरमध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांसमोर ज्ञानाच्या पेशावर व्याख्यान दिलं. त्यात तो जवळपास हाच मुद्दा मांडतो. सभेत तुम्हाला प्रतिवाद करता येतो, वर्गात विद्यार्थ्याला गप्प बसून ऐकावं लागतं, शिवाय त्याचे मार्क तुमच्या हातात. म्हणून व्यासपीठावरून आपलं राजकारण विकू नये. शिक्षकाचं पहिलं काम विद्यार्थ्याला त्याच्याच पक्षाला गैरसोयीची सत्यं दाखवणं. सरांना हे वाचून बराकीतला तो शिक्षक आठवला. त्याच कोर्समध्ये कुणीतरी हॉवर्ड झिनचं नाव घेतलं. झिन अगदी उलट टोकाचा. नागरी हक्कांच्या लढ्यात विद्यार्थिनींना साथ दिली म्हणून १९६३ मध्ये अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजने त्याला काढलं. पुढे बोस्टन विद्यापीठात शिकवताना तो पहिल्या दिवशीच वर्गाला आपली भूमिका सांगून मोकळा होई, कारण तटस्थ कुणीच नसतं. नसताना तसं सोंग आणणं त्याला अप्रामाणिक वाटे.

सरांनी दोघांमध्ये आपली वाट काढली. जुलैच्या पहिल्या तासाला ते आपला इतिहास सांगत: कुठल्या संघटनेत होतो, कशासाठी तुरुंगात गेलो, नामांतराच्या वेळी कुठे होतो. हे लपवलं तर मुलं बाहेरून मीठमिरची लावून ऐकतील, हा त्यांचा हिशोब. पण एखाद्या प्रश्नावरचं आजचं मत ते धडा संपेपर्यंत सांगत नसत. मुलांनी आपापली मतं कागदावर लिहून दिली की मग, तेही विचारलं तरच.

महाराष्ट्रात या वाटेवरचा एक ठळक पूर्वज आहे: ग. प्र. प्रधान. बेचाळीसच्या लढ्यात येरवड्याला गेले, बाहेर आल्यावर १९४५ पासून वीस वर्षं फर्ग्युसनमध्ये इंग्रजी शिकवलं, नंतर पुण्याच्या पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षं विधान परिषदेत, विरोधी पक्षनेतेपदी, आणि शेवटी ‘साधना’चे संपादक. आयुष्यभर पक्के समाजवादी. तरी त्यांच्या ‘साता उत्तरांची कहाणी’त गांधीवादी, साम्यवादी, रॉयवादी, संघाचा, आंबेडकरवादी अशी माणसं आपापली बाजू आपापल्या तोंडाने बोलतात आणि लेखक कुणाला बुजगावणं करत नाही. सर या पुस्तकाची प्रत वर्गात फिरवत. कॉलेजच्या ग्रंथालयातली प्रत हरवली तेव्हा त्यांनी स्वतःची दिली. तीही परत आली नाही, हे ते खुशीने सांगतात.

मुलांना चळवळ शिकवायची नाही, असं मात्र सरांचं कधीच धोरण नव्हतं. १९८९ मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादातून एका विद्यार्थ्याचा खून झाला, आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रातल्या कॉलेजांतल्या थेट निवडणुका बंद केल्या. गुणवत्तेच्या यादीतला पहिला मुलगा वर्गप्रतिनिधी. सर या निर्णयावर चिडलेले असत. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने मतपेटी फक्त चित्रात बघायची, हे त्यांच्या मते पोहणं काठावर शिकवण्यासारखं होतं. त्यामुळे मुलं शिष्यवृत्तीच्या थकलेल्या रकमेसाठी मोर्चा काढायचा म्हणून त्यांच्याकडे आली तेव्हा त्यांनी दार लावलं नाही. ‘सर, तुम्ही पुढे चला,’ या आग्रहाला मात्र नकार दिला. निवेदन कसं लिहायचं, समाजकल्याणच्या कुठल्या टेबलावर कुठली फाइल अडते, पोलिस ठाण्यात परवानगीचा अर्ज कसा द्यायचा, पोलिस कायद्याचं कलम ३७ लागू असेल तर काय होतं, हे सगळं व्हरांड्यात उभं राहून समजावून दिलं.

मोर्चाच्या दिवशी त्यांनी तास घेतला. वर्गात सहाजण होते. बाकीच्यांची गैरहजेरी लावली. मुलं संतापली: सर, मागणी बरोबर होती हे तुम्हीच म्हणालात. सरांचं उत्तर, मागणी बरोबर होतीच, म्हणून तर गैरहजेरीची किंमत मोजायला हरकत नसावी. पुढच्या महिन्यात दुसऱ्या, त्यांना न पटणाऱ्या मागणीसाठी दुसऱ्या संघटनेची मुलं गेली. त्यांचीही गैरहजेरी लागली आणि त्यांनी तक्रार केली नाही, कारण आधीची हजेरीपुस्तिका त्यांनी पाहिली होती.

जुन्या सोबत्यांना हे सगळं पचलं नाही. एकाने तोंडावर ऐकवलं, तू पगाराने मवाळ झालास. दुसरा म्हणाला, तुझ्या वर्गातून तीस वर्षांत आपला एक कार्यकर्ता बाहेर पडला नाही. आकडा त्याचा अतिशयोक्त होता, पण आरोप पूर्ण खोटा नव्हता. सरांचे विद्यार्थी सगळ्या पक्षांत विखुरले, त्यांच्या पक्षात फारच थोडे. पक्षाच्या हिशोबाने हा तोटाच. आणि समतेच्या बाजूने उभं राहणारी माणसं आधीच कमी असलेल्या गावात एका चांगल्या वक्त्याने मागे सरून दोन्ही बाजू मांडत बसावं, याची किंमत कुणीतरी मोजली असणार, हेही नाकारता येत नाही. सर यावर वाद घालत नाहीत. संघटनेला वक्ते मिळतात, एवढंच म्हणतात.

त्यांना खरं अडवलं ते वेगळ्याच व्यक्तीने. सर निवृत्त झाल्यावर पद भरलं गेलं नाही. त्यांचे तास आता त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी तासिका तत्त्वावर घेते. नेट झालेली, पीएच.डी. झालेली. तासाला काहीशे रुपये, तेही बिल निघेल तेव्हा. उन्हाळ्यात काही नाही. जूनमध्ये पुन्हा मुलाखत. कात्रणांची फाइल सरांनी या मॅडमच्या हवाली केली. पहिल्याच वर्षी मॅडम नामांतराच्या धड्यापाशी येऊन थांबल्या.

‘सर, मी श्रॉफ-भालेरावांची बाजू तुमच्यासारखी मांडली तर आमच्या वस्तीतली पोरं म्हणतील, नोकरीसाठी वाकली. दुसरी बाजू मांडली तर बाकीचे म्हणतील, ही असंच म्हणणार. तुमच्याकडे पक्की नोकरी होती आणि तुमचं आडनाव होतं.’

‘मग पहिल्याच दिवशी सांगून टाका ना, मी सांगायचो तसं. मी कोण, कुठून आले.’

‘तुम्ही सांगितलंत तेव्हा तो तुमचा मोठेपणा ठरला. मी सांगितलं तर ती माझी जात ठरेल.’

सरांकडे याला उत्तर नव्हतं. त्यांनी तीस वर्षं जे कौशल्य कमावलं, त्याखाली किती पायऱ्या आधीच बांधून मिळाल्या होत्या हे त्यांना कुणी असं मोजून दाखवलं नव्हतं. शिवाय त्यांच्या काळात वर्गात मोबाइल नव्हते. आता तासातलं अर्धं मिनिट कापून कुणीही गावभर फिरवू शकतो, आणि विरोधकांची बाजू नेटाने मांडणाऱ्याचा ते अर्धं मिनिट नेमकं धोक्याचं असतं. कायम नोकरीत असलेला निभावून नेईल. तासिकेवरच्या माणसाला जूनमध्ये फोनच येणार नाही.

मॅडमनी आपली रीत बदलली. त्या स्वतः एकही बाजू मांडत नाहीत. मुलांच्या चिठ्ठ्या टाकतात. ज्याला जी बाजू येईल ती त्याने फाइलमधल्या कागदांवरून उभी करायची. गेल्या वर्षी वस्तीतल्या एका मुलीच्या वाट्याला गोविंदभाई श्रॉफ आले आणि पाटलांच्या एका मुलाच्या वाट्याला मिलिंद महाविद्यालय. मुलगा दोन दिवस ग्रंथालयात बसून होता, आणि मग मॅडमना विचारायला आला की औरंगाबादला जाऊन ते कॉलेज बघता येईल का. टेंभुर्णीचा दिवस मात्र मॅडम स्वतः घेतात, सरांनी घेतला असता तसाच, चिठ्ठ्या न टाकता. स्वतःचं मत त्या कधीच सांगत नाहीत, विचारलं तरी नाही.

सरांना हे शेवटचं अजून पटत नाही. लपवलेलं मत मुलं स्वतःच्या कल्पनेने भरून काढतात, आणि कल्पना नेहमी मतापेक्षा कडवी असते, असा त्यांचा आग्रह. मॅडम म्हणतात, भरू देत. दर दोन-चार महिन्यांनी दोघांचं यावर सरांच्या ओट्यावर वाजतं. मागच्या दिवाळीत त्यातून एक कल्पना निघाली: हे भांडण ओट्यावर कशाला, तिसऱ्या वर्षाच्या वर्गासमोर करू. शिक्षकाने मत सांगावं की नाही, दोन पाहुणे वक्ते, मग विद्यार्थ्यांचे प्रश्न. मॅडमनी रीतसर अर्ज केला आहे. प्राचार्यांनी तो वाचला, ‘विषय संवेदनशील आहे का?’ असा शेरा मारला आणि खुलाशासाठी परत पाठवला. खुलासा कुणी लिहायचा, यावर आता दोघांचं भांडण चालू आहे.